घरच्या पत्त्यावर आलेला रोबो

जालना, १३ सप्टेंबर २०२५

चि. केदार,

आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस. पूर्वी उचलायचास तेव्हा ‘आई, तूच बोलतेस’ अशी तुझी तक्रार असायची. म्हणून हे पत्र. यातही मीच बोलणार आहे.

काल दुपारी कुरिअरवाला एवढा मोठा खोका घेऊन दारात उभा राहिला की त्याचं डोकं दिसेना. खोक्यावर नाव तुझ्या बाबांचं. सही त्यांचीच लागेल म्हणाला. मी त्याला सांगितलं, ते दीड वर्षापूर्वी गेले, सही हवी असेल तर तुम्हाला बराच वर प्रवास करावा लागेल. मग त्याने माझी सही चालवून घेतली.

पितृपंधरवडा चालू आहे आणि उद्या त्यांची तिथी. साळूबाई वड्यांची डाळ भिजवायला आली होती. तिने खोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “लोकायच्या घरी मानसं खीर खायला येतात. आपल्या साहेबांनी पार्सलच मागवलं.” मी तिला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

खोक्यावर एका यंत्रमानवाचं चित्र आहे. चेहरा रागीट, हातात तलवारीसारखं काहीतरी. बाजूच्या चित्रात तोच प्राणी मालट्रक झालेला आहे. याचा अर्थ मला लगेच कळला. ही तुझी वस्तू आहे. छत्तीस वर्षांच्या, बंगळुरात चांगल्या नोकरीवर असलेल्या माणसाला असली खेळणी हवीशी वाटतात हे मला ठाऊक आहे. पण ती वडिलांच्या नावावर मागवायची, आणि तीही त्यांच्या माघारी, हा कुठला विनोद?

हा खोका कुठे परत पाठवायचा ते कळव. मी तो उघडणार नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हे मी कॉन्व्हेंटात शिकले आहे. आमच्या सिस्टर पट्टी आडवी नव्हे, उभी मारायच्या. ते धडे विसरत नाहीत.

दहाव्याच्या दिवशी आपल्यात जे बोलणं झालं, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

आई


जालना, १८ सप्टेंबर २०२५

चि. केदार,

तुझं उत्तर नाही. खोका एका कोपऱ्यात दबलेला होता. आत काही फुटलं असेल तर परत पाठवताना माझ्यावर येईल, एवढ्याच कारणाने मी तो उघडला.

उघडलाच आहे तर निरीक्षणं लिहून ठेवते. एकतीस वर्षं बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. जे समोर आलं ते तपासल्याशिवाय माझ्याने बसवत नाही.

उंची माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. वजन नवजात बाळाएवढं, आणि धरायलाही तसंच अवघड, मान सांभाळावी लागते. मी प्लास्टिकचा हलका बाहुला समजून एका हाताने उचलायला गेले आणि मनगट लचकलं. सांध्यांमध्ये धातू आहे. गुडघा वाकवला की कट्‌ कट्‌ करत एकेक घर मागे जातो आणि जिथे सोडाल तिथेच राहतो. माझा गुडघा आता हे करत नाही. बोटं सगळी सुटी आहेत, प्रत्येक बोटाला दोन पेरं. करंगळीसुद्धा वाकते. ज्या कुणी ही करंगळी बनवली, त्याने एरवी कुणी पाहणार नाही तिथेही कष्ट घेतले आहेत. हे मला आवडलं. हो, लिहिलं मी.

आता तक्रारी. माहितीपत्रकात एकही शब्द नाही. बेचाळीस चित्रं आणि बाण. जगातली कुठलीही भाषा त्यांना आपली वाटली नाही का? सतराव्या चित्रात खांदे बाहेर आहेत, अठराव्यात ते छातीच्या आत गेलेले. मधे काय घडलं ते देव जाणे. पाठीवरचं झाकण एका बाजूने बसवलं की दुसऱ्या बाजूने सुटतं. उभा केला की मागे झोके खातो. टाचेमागे लपवलेली दोन पानं उघडली तरच उभा राहतो, आणि ती पानं मला तिसऱ्या दिवशी सापडली. तोवर बिचारा भिंतीला टेकून होता, दुपारच्या चहाला आलेल्या पाहुण्यासारखा.

प्रयोगशाळेत आम्ही शंभर-शंभर बिया मोजून ओल्या कागदात गुंडाळायचो आणि ठरलेल्या दिवशी उघडून वर्गवारी करायचो. सामान्य रोप, असामान्य रोप, मेलेलं बी. आणि एक वर्ग कठीण बियांचा. तसं बी मेलेलं नसतं, ते पाणीच आत घेत नाही. याच्या सांध्यांची मी तशीच यादी केली. चौतीस सामान्य, तीन असामान्य, दोन कठीण. मेलेला एकही नाही. निकाल चांगला आहे.

जुन्या चिमट्याने एक कठीण सांधा उघडला. दुसऱ्याचं अजून कळत नाही. सतरा ते अठरा कसं जायचं हे तुला माहीत असेल तर कळव. खोका परत पाठवण्यापूर्वी तो मूळ स्थितीत आणणं माझं कर्तव्य आहे.

आई


जालना, २६ सप्टेंबर २०२५

केदार,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

खोक्यावरच्या कागदावर बाबांच्या नावाखाली एक मोबाइल नंबर होता. तो त्यांचा नव्हता, तुझाही नव्हता. मला चैन पडेना. काल फोन लावला. पलीकडून कुणी म्हणालं, “कडूबा शिलाई मशीन, बोला.” मी नाव सांगितल्यावर त्या माणसाने चालू मशीन बंद केलं. मग म्हणाला, “ताई, तुमी दुकानावरच या.”

गांधी चमनच्या मागे, गल्लीत, आठ बाय दहाचं दुकान. तुला ते ठाऊक आहे. मला वाटतं, मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. कडूबा साठीचा आहे, चष्म्याला दोरी बांधलेली. त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात मशीनची चाकं आणि पट्टे. खालच्या दोन कप्प्यांत पाच रोबो, एका रांगेत, प्रत्येक कापडात गुंडाळलेला. कापड मी लगेच ओळखलं. तुझ्या बाबांचे शर्ट. ‘बोहारणीला दिले’ असं मला सांगितलेले.

मी काही बोलले नाही. आश्चर्य वाटेल तुला, पण नाही बोलले.

कडूबा सांगत गेला. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झाल्यावर चार वर्षं, दर शनिवारी पाच वाजता, साहेब तिथे बसायचे. मला ते ‘वाचनालयात जाऊन येतो’ म्हणून सांगायचे. फोन मशीनच्या डोक्याला टेकवून ठेवायचे आणि समोर तू. एकसारखे दोन रोबो, एक तुझ्याकडे, एक इथे. दोघं एकदम सुरू करायचात. आधी कुणाचा ट्रक होतो त्यावर पैज. जो हरेल त्याने पुढचे आठ दिवस दाढी करायची नाही. केदार, त्या चार वर्षांत मी किती वेळा त्या दाढीवरून त्यांना बोलले असेन!

मी विचारलं, हे सगळं घरी का नाही आणलं? कडूबा चष्मा पुसत राहिला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, “राग नका मानू ताई. साहेब म्हणायचे, घरी न्यायचं म्हंजे तिला समजावून सांगावं लागंल. अन्‌ समजावून सांगितलं की मंग त्यात मजा राह्यत न्हाई.”

म्हणजे प्रयोगशाळेत एकतीस वर्षं शिकले तसंच मी घरातही वागले. सालपट काढून, चिरून, आत काय आहे ते पाहून, वहीत लिहून.

आता दहाव्याचं. मी लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता न लिहिणं खोटेपणाचं होईल. कुंडलिकेच्या काठावर अर्धा तास कावळा पिंडाला शिवेना. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. मी घराची हमी दिली. साधनाआत्याने ‘वहिनीला मी सांभाळीन’ म्हणून सांगितलं, जे कावळ्यालाही पटलं नाही. मग तू पुढे झालास आणि म्हणालास, “बाबा, तो मोठा रोबो आला की मी जोडून देईन.” आणि कावळा आला.

मला वाटलं, बाप गेल्यावरसुद्धा हा स्वतःच्या खेळण्याचं बोलतो आहे. मला वाटलं, कावळ्यालाही हाच भेटावा. आणि मी सगळ्या माणसांसमोर म्हणाले, “त्यांना तुझी लाज वाटायची. मला बोलून दाखवायचे ते.”

ते कधीही तसं बोलले नव्हते. एकदाही नाही. ते वाक्य माझं होतं. मी ते त्यांच्या तोंडी घातलं, कारण त्यांना आता नाही म्हणता येणार नव्हतं. तू चप्पल घालून तसाच निघालास आणि वर्षश्राद्धही तिकडेच उरकलंस. मी सगळ्यांना सांगितलं, तुला सुटी नव्हती.

तुला हे खोटं आहे हे त्याच दिवशी माहीत होतं का? की चार वर्षांचे शनिवार असूनही क्षणभर शंका आली? हे मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारते.

आणि दुसरं. पाचही रोबो दुकानाच्या पत्त्यावर आले. हा सहावा घरच्या पत्त्यावर का? मागणी नोंदवली तेव्हा ते होते. कारखाना पुरेशा मागण्या आल्यावरच बनवायला घेतो, म्हणून इतका उशीर, असं कडूबा म्हणाला. मला वाटतं, ते मला सांगणार होते. कडूबाला तसं विचारलं, तर तो कपाटाकडे पाहून म्हणाला, “ह्यो लई मोठा हाये ताई. हितं मावत न्हाई.”

यातलं खरं काय?

आई


जालना, २ ऑक्टोबर २०२५

चि. केदार,

एक वाईट बातमी. साळूबाईने रोबोची छाती घालवली.

काल खंडेनवमी. घरात यंत्र, हत्यार म्हणून जे काही असेल ते आपण पूजेला मांडतो. तुझ्या बाबांचा पाना, माझे चिमटे, विळी, मिक्सर. यालाही मांडायचं ठरलं. याच्यात यंत्रही आहे आणि हत्यारही, त्यामुळे कुणाची हरकत नसावी. छातीवरचा सोनेरी भाग प्रवासात जरा मळकट वाटत होता. साळूबाईने पितळेची भांडी घासायला काढली होती. समई, तांब्या, निरांजनं. त्यांच्याबरोबर चिंच आणि मिठाने यालाही घासलं. पहिल्याच हाताला सोनं चिंचेत उतरलं. खाली मातकट प्लास्टिक निघालं. ते पितळ नव्हतंच. एवढ्या मोठ्या वस्तूला खरा धातू सांध्यात घातला आणि छातीवर नुसता मुलामा दिला, याला काय म्हणावं? कारखान्याला मी कडक पत्र लिहिणार आहे, पण माहितीपत्रकावर पत्ताही चित्रानेच दिला आहे.

हळदीकुंकू मात्र व्यवस्थित वाहिलं. हळदीचा डाग गुडघ्यावरून निघत नाही.

अशा वस्तू जमवणाऱ्यांना साधा ओरखडाही चालत नाही, असं कडूबा म्हणाला. तो फार हळहळला. म्हणजे आता ही परत करण्यासारखी राहिली नाही.

आई


जालना, ६ ऑक्टोबर २०२५

केदार,

मागच्या पत्रात एक दुरुस्ती.

मी पत्र पाकिटात घालत होते तेव्हा साळूबाई फरशी पुसत होती. तिने विचारलं, “चिंचीचं लिव्हलं का दादाला?” मी म्हटलं, लिहिलं. ती पोछा पिळत म्हणाली, “माझं नाव घातलं असंल.”

मी पाकीट चिकटवलं.  तिथून चार दिवस ती नेहमीसारखी येते, काम करते आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही. केदारखेड्याची आहे, हट्टी. चार दिवस काय, चार महिने काढेल. आज सकाळी मी स्वतःच सांगितलं, की मी दादाला खरं कळवते आहे. तेव्हा म्हणाली, “बाई, तुमी चुकल्या तर चुकल्या म्हना. मानूस चुकतंच. पन दुसऱ्याच्या तोंडावर काळं फासायची तुमाला सवयच हाये.”

घासला मी. साळूबाई नको म्हणत होती. ‘बाई, ह्याला वाजवून तरी बघा, पितळ आसं वाजत न्हाई,’ असंही म्हणाली. मीच तिला म्हटलं, तुला काय कळतं.

तर छाती मी घालवली.

दुसरी गोष्ट. मी एकतिसाव्या चित्रापर्यंत पोचले आहे. सतरा ते अठराचं कोडं सुटलं. खांदा आधी वर उचलून मग आत ढकलायचा, नुसता ढकलायचा नाही. एकतिसाव्याला मात्र चार हात लागतात. दोन हातांनी पाय एकत्र दाबून धरायचे, त्याच वेळी छाती उघडून डोकं आत घ्यायचं. एकट्या माणसाला ते शक्य नाही. मी गुडघ्यांत धरून पाहिलं, मांडीत उशी घेऊन पाहिलं, दोनदा सगळा ढाचा सुटला. कडूबाचं म्हणणं, आधीच्या पाचांतल्या मोठ्या रोबोला साहेबांनाही त्याची मदत लागायची.

ही वस्तू जोडून द्यायचा शब्द तू दिला आहेस. मला तो मोडायचा नाही आणि तुझ्या माघारी पुराही करायचा नाही.

येत्या शनिवारी, अकरा तारखेला, पाच वाजता मी हा रोबो घेऊन कडूबाच्या दुकानात बसेन. फोन मशीनला टेकवलेला असेल. नंबर तुझ्याकडे आहेच. मी फोनसमोर फक्त हात ठेवीन, चेहरा नाही. बोलणार नाही. शब्द देते. बोलायचं ते कडूबा बोलेल.

तू फोन केला नाहीस तरी मी सात वाजेपर्यंत बसेन. त्याला दुकान बंद करायचं असतं.

आई


जालना, १२ ऑक्टोबर २०२५

चि. केदार,

काल मी बोलले नाही, हे तू पाहिलंस. आता लिहिते.

पाच वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. तोवर कडूबाने मला तीन वेळा सांगितलं होतं की बंगळुरात रस्त्यावर फार गर्दी असते. समोर तुझे हात दिसले आणि हातांखाली तोच खोका. सीलबंद. तुझाही महिन्याभरापूर्वीच आला असणार, आणि तू चिकटपट्टीलाही हात लावला नव्हतास. ती पट्टी तू माझ्यासमोर कापलीस.

मी पुढे होते, तू मागे. तरी तू तासाभरात माझ्यापर्यंत आलास. माझ्या रोबोची छाती पाहून तुझे हात जरा थांबले.  मग पुन्हा चालू लागले. कडूबा मात्र सतत बोलत होता. “ताई गप बसल्यात, लई दिवसांनी मशीनीत तेल घातल्यावाणी वाटून राह्यलं,” हे त्याने म्हटलं तेव्हा तू हसलास. मी ऐकलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं, तुझ्यासाठी गिळलं.

एकतिसाव्याला कडूबाने पाय धरले आणि मी छाती उघडली. तुझ्याकडे कुणी नव्हतं. तू गुडघ्यांत धरून, हनुवटीने दाबून, कसंबसं डोकं आत घातलंस. मग दोन्ही ट्रक तयार झाले. खरं सांगू, ट्रक म्हणून तो फारसा जमलेला नाही. खालून रोबोचे हात लोंबतात, तळाकडून पाहिलं तर पालथा झोपलेला माणूस दिसतो. पण चाकं काय फिरतात! कडूबाच्या टेबलावरून एका बोटाने ढकलला, तर तेलाच्या कुपीला जाऊन थांबला, सरळ रेषेत.

आणि मग तू बोललास. मला उद्देशून की ट्रकला उद्देशून, कळलं नाही. म्हणालास, “पत्ता बाबांनी नव्हता दिला. मी टाकला होता घरचा. त्यांना न विचारता.”

मी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला होता, हे कडूबाने तुला सांगितलं नाही म्हणून मी सांगते.

तू म्हणालास, तुला त्यांचं हे लपवणं नको झालं होतं. ते घाबरले. दर शनिवारी म्हणायचे, बदल रे तो पत्ता, ती विचारेल. तू बदलला नाहीस. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी तू स्वतःहून म्हणालास, बाबा, आज बदलतो. आणि ते म्हणाले, “राहू दे.”

त्यानंतरच्या शनिवारी ते नव्हतेच.

एवढं सांगून तू फोन ठेवलास. कडूबाने दिवा लावला. आम्ही रोबोला पुन्हा उभा केला नाही, ट्रकच रिक्षात घालून घरी आणला. दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी आहे. साळूबाईने विचारलं, हा कायमचा का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मंग ह्याच्यावरची धूळ तुमीच पुसायची.

काल रात्रभर मी तुझे ते शब्द मनात म्हणून पाहिले. ‘राहू दे.’ आपल्या घरात हे दोन शब्द ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. भाजीत मीठ कमी झालं की राहू दे. मी भांडायला उठले की राहू दे. कंटाळून म्हटलेलं राहू दे मला पाठ आहे, हार मानून म्हटलेलं तर फारच. पण एक तिसरंही होतं. तू लहान असताना पावसात भिजून यायचास, मी टॉवेल घेऊन ओरडत यायचे, तेव्हा ते तुझ्याकडे बघत म्हणायचे ते. ते मी आता विसरत चालले आहे.

त्या शनिवारी त्यांचा चेहरा तुझ्यासमोर होता. मला विचारायचं होतं, पण मी बोलणार नाही असा शब्द दिला होता. म्हणून आता विचारते.

राहू दे म्हणताना ते हसत होते का रे?

आई